दोन कालखंडांमधली रेघ खडकात कशी शोधतात?

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात डोंगराच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. काळ्या बेसाल्टचा जाड थर, मधे लाल मातीची पातळ पट्टी, वर पुन्हा बेसाल्ट. कात्रजला, वरंध्याला, खंडाळ्याला हेच चित्र. हा सगळा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहाएक लाख वर्षांच्या आत ओतला गेला. क्रिटेशस कालखंड संपून पॅलिओजीन सुरू झाला तोही याच सुमाराला. म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटाची रेघ सह्याद्रीच्या या पायऱ्यांमध्येच कुठेतरी आहे. पण बोट नेमकं कुठल्या पायरीवर ठेवायचं? २०१९ मध्ये दोन संशोधकगटांनी सह्याद्रीतल्या थरांची वयं प्रसिद्ध केली. एकाने लाल पट्ट्यांमधल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून वय काढलं, दुसऱ्याने बेसाल्टमधल्या आर्गॉन वायूवरून. दोघांची मोजणी काटेकोर होती, तरीही ही रेघ कुठल्या थरांजवळ येते याची उत्तरं वेगवेगळी आली.

अडचण खडकाच्या जातीत आहे. लाव्हात समुद्री जीव नसतात आणि समुद्राच्या तळावर साठलेला चुनाही नसतो. भूवैज्ञानिक सीमा शोधण्याची सर्वांत विश्वासाची जोडगोळी, म्हणजे जीवाश्म आणि कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू), इथं लागूच पडत नाही. ही जोडगोळी काम कसं करते, आणि दोघांपैकी एकावरच विसंबलं तर काय बिघडतं, ते समजून घेऊ.

सीमा सापडत नाही, ठरवावी लागते

पर्मियन, ट्रायासिक, जुरासिक ही नावं माणसांनी दिलेली आहेत, आणि त्यांच्या सीमाही माणसांनीच ठरवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर जगातली एक जागा निवडली जाते आणि तिथल्या थरांतला एक बिंदू मुक्रर केला जातो. बोलीत त्याला ‘सोन्याचा खिळा’ म्हणतात. पहिला खिळा १९७२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्लोंक इथं सिल्युरियन आणि डेव्होनियनच्या सीमेवर ठोकला गेला. बहुतेक खिळे एखाद्या जीवजातीच्या पहिल्या आगमनावर बेतलेले आहेत: ही जात ज्या थरात पहिल्यांदा दिसते, तिथून नवा कालखंड.

खिळा एकाच ठिकाणी असतो. काश्मीरमधल्या, इराणमधल्या किंवा इटलीतल्या खडकात ‘तोच क्षण’ कुठे आहे हे दरवेळी नव्याने जुळवावं लागतं. खरं काम या जुळवणीचं आहे.

कार्बन काय सांगतो

कार्बन आणि खडकाचं वय म्हटलं की बहुतेकांना कार्बन-१४ आठवतो. तो इथं निरुपयोगी आहे. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे ५० हजार वर्षांपलीकडे तो मोजण्याइतका उरतच नाही. इथं लागतात ते कार्बन-१२ आणि कार्बन-१३. दोघेही स्थिर आहेत, कोट्यवधी वर्षांनीही त्यांचा ऱ्हास होत नाही. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के कार्बन-१३. त्यांच्या प्रमाणावरून खडकाचं वय थेट कळत नाही, हे आधीच सांगायला हवं. कळते ती त्या वेळच्या समुद्राची अवस्था.

वनस्पती आणि शेवाळं प्रकाशसंश्लेषण करताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, कारण रुबिस्को हे विकर त्याच्याशी चटकन क्रिया करतं. म्हणून सजीवांपासून आलेला कार्बन हलका आणि समुद्राच्या पाण्यात उरलेला त्या मानाने जड. ही तफावत एका ठरलेल्या मानकाशी तुलना करून हजारात किती, अशी लिहितात. मूळ मानक होतं अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधलं बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याचं जीवाश्म. ते वापरून संपलं. आता त्याच्याशी जुळवलेलं ‘व्हिएन्ना’ मानक वापरतात. या मापात समुद्री चुनखडी साधारण शून्याच्या आसपास येते, सेंद्रिय कार्बन उणे २५ च्या आसपास आणि ज्वालामुखीतून येणारा कार्बन सुमारे उणे ५.

या तीन आकड्यांतूनच एक हिशेब निघतो. ज्वालामुखींकडून आत येणारा कार्बन उणे ५. बाहेर जाणाऱ्याच्या वाटा दोन: चुनखडी होऊन शून्याला, किंवा सेंद्रिय पदार्थ म्हणून गाळात गाडला जाऊन उणे २५ ला. जमा आणि खर्च जुळायचे तर पाचांतला एक भाग सेंद्रिय रूपात गाडला जायलाच हवा. हा वाटा वाढला की समुद्र जड होतो आणि चुनखडीतला आकडा वर चढतो. गाडलेला कार्बन परत बाहेर आला की आकडा खाली कोसळतो.

कोसळण्याचं प्रमाणही बोलकं असतं. आजच्या समुद्रात आणि हवेत मिळून अंदाजे ४० हजार अब्ज टन कार्बन आहे. तो सगळा ३ प्रति हजारने हलका करायचा आहे असं धरू. उणे ६० चा मिथेन ओतला तर सरळ मिसळणीच्या हिशेबाने सुमारे २,१०० अब्ज टन कार्बन पुरतो. कोळशासारखा उणे २५ चा सेंद्रिय कार्बन असेल तर साडेपाच हजार अब्ज टनांच्या आसपास लागतो. नुसत्या ज्वालामुखीच्या वायूने हे करायचं म्हटलं तर ६० हजार अब्ज टन, म्हणजे मूळ साठ्याच्या दीडपट. म्हणून आलेखातली मोठी घसरण दिसली की अभ्यासक आधी मिथेन किंवा जळालेल्या कोळशाचा माग काढतात. घसरणीची खोली सांगते किती मिसळलं. काय मिसळलं ते दुसऱ्या पुराव्यांतून काढावं लागतं.

आता या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. समुद्राचं पाणी हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघतं. त्यामुळे कार्बनमधला मोठा बदल भूवैज्ञानिक मोजमापात जगभर जवळजवळ एकाच वेळी नोंदला जातो. चीनच्या किनाऱ्यावर आणि काश्मीरच्या समुद्रात वेगळे प्राणी राहत असतील, पण पाण्यातला कार्बन एकच.

आणि सर्वांत मोठा दोष: घसरणीवर नाव लिहिलेलं नसतं. गेल्या ५४ कोटी वर्षांत असे चढ-उतार पुष्कळदा झाले. नुसता आलेख हातात दिला तर हा खड्डा पर्मियनच्या शेवटचा की ट्रायासिकच्या शेवटचा, हे तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. नाव सांगतात ते जीवाश्म.

जीवाश्मांची साक्ष, आणि तिच्यातल्या भेगा

सीमा ओळखायला उपयोगी पडणारा जीव अल्पकाळ टिकलेला, दूरवर पसरलेला, भरपूर सापडणारा आणि चटकन ओळखू येणारा हवा. म्हणूनच इथं डायनोसॉर कामाचे नाहीत. त्यांची हाडं फार विरळ मिळतात. काम करतात ते समुद्री जीव: ग्रॅप्टोलाइट (वसाहत करून राहणारे लहान जीव), कोनोडोंट (ईलसारख्या प्राण्यांचे दातांसारखे सूक्ष्म अवयव), अमोनाइट (चक्राकार कवचाचे प्राणी) आणि फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव). पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कच्छच्या जुरासिक अमोनाइट्सवर झालेलं काम याच परंपरेतलं.

पण जीवाश्मांचीही साक्ष तपासून घ्यावी लागते. पहिली भेग विरळपणाची. एखादी जात पाचांतल्या एकाच नमुन्यात सापडत असेल आणि नमुने दर २० सेंटिमीटरवर घेतलेले असतील, तर तिचा ‘शेवटचा’ नमुना खऱ्या शेवटाच्या खाली सरासरी चार नमुने, म्हणजे ८० सेंटिमीटरवर मिळेल. प्रत्येक जातीचा विरळपणा वेगळा. त्यामुळे एका दिवसात झालेला विनाशही खडकात हळूहळू झाल्यासारखा दिसतो. सिग्नॉर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये हा परिणाम मांडला, आणि तेव्हापासून ‘हळूहळू नाहीशा झालेल्या जाती’ असं कुणी म्हटलं की आधी नमुन्यांची संख्या विचारली जाते.

दुसरी भेग परिसराची. कॅम्ब्रियनच्या आरंभाचा खिळा कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेड इथं आहे. तो ठोकला आहे एका किड्यासारख्या प्राण्याने चिखलात केलेल्या वळणदार बिळांच्या पहिल्या आगमनावर. अशी बिळं वाळू आणि चिखलाच्या गाळात टिकतात. चुनखडीत ती जवळजवळ मिळत नाहीत. म्हणून चुनखडीच्या प्रदेशांत ही सीमा शोधायला कॅम्ब्रियनच्या आरंभाजवळची कार्बनची मोठी घसरण हाच मुख्य आधार उरतो.

तिसरी भेग फसवी आहे: जुने जीवाश्म उकरले जाऊन नव्या गाळात पडतात. क्रिटेशसची कवचं सीमेच्या वरच्या मातीत सापडली तर ती जात वाचली होती का? यावर सुरेख उपाय आहे. त्या कवचांतलाच कार्बन मोजायचा. कवच खाली क्रिटेशस थरात मिळणारा आकडा दाखवत असेल तर ते वाहून आलेलं. शेजारच्या पॅलिओजीन कवचांसारखा आकडा असेल तर तो प्राणी खरोखर सीमेनंतर जगला होता. इथं जीवाश्म आणि समस्थानिक एकाच कणात भेटतात.

एका वितीचा प्रश्न

पर्मियन-ट्रायासिक सीमेचा खिळा चीनच्या झेजियांग प्रांतात मेइशान इथं आहे. तो २००१ मध्ये मान्य झाला. तिथल्या थरांना क्रमांक दिलेले आहेत. जगातला सर्वांत मोठा समुद्री विनाश दिसतो तो थर २५ च्या तळाशी, पांढरट राखेच्या मातीजवळ. कार्बनची खोल घसरणही तिथंच. पण कालखंडाची अधिकृत सीमा आहे थर २७क च्या तळाशी, हिंडिओडस पार्व्हस हा कोनोडोंट जिथं पहिल्यांदा दिसतो तिथं. मधलं अंतर जेमतेम एका वितीचं. राखेतल्या झिरकॉनवरून विनाशाची सुरुवात २५ कोटी १९ लाख ४१ हजार वर्षांपूर्वीची येते आणि सीमा २५ कोटी १९ लाख २ हजार वर्षांपूर्वीची. वीतभर खडकात सुमारे ४० हजार वर्षं. मोजणीतली शक्य चूकही जवळपास तेवढीच आहे, हे लक्षात ठेवावं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘कार्बनची घसरण म्हणजेच सीमा’ असं मानून जो काश्मीरमध्ये रेघ आखेल, तो ती थोडी खाली आखेल. घसरणीने आपण सीमेच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो. उंबरा नेमका कोणता, ते कोनोडोंट सांगतो. श्रीनगरजवळच्या खुनमोह गावाच्या गुरयुल घळीत हे दोन्ही पुरावे एकाच छेदात मिळतात, म्हणून ती घळ जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे.

याच्या उलट उदाहरण इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या दबाबियाचं. पॅलिओसीन-इओसीन सीमेचा तिथला खिळा (२००३) कार्बनची घसरण जिथं सुरू होते तिथंच ठोकला आहे. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी समुद्री चुनखडीतला आकडा सुमारे ३ प्रति हजारने घसरला आणि खोल समुद्रातले फोरॅमिनिफेरा मोठ्या संख्येने नाहीसे झाले. कार्बन हीच व्याख्या असली तरी जीवाश्मांना इथंही सुट्टी नाही. सुमारे २० लाख वर्षांनी तशीच, पण लहान घसरण पुन्हा आली. आपण यातल्या कुठल्या खड्ड्यात उभे आहोत हे कळायला कवचंच पाहावी लागतात.

ऑर्डोव्हिशियनच्या शेवटी तर आकडा खाली न जाता वर चढला, अनेक ठिकाणी ५ प्रति हजारच्या वर. दक्षिणेकडच्या गोंडवन खंडावर बर्फ साठत होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतरच्या सिल्युरियनची सीमा मात्र शिखरावर नाही, आकडा उतरल्यानंतर येते.

प्रत्यक्ष काम: हातोडीपासून यंत्रापर्यंत

नमुने किती अंतरावर घ्यायचे हा पहिला निर्णय, आणि बहुतेक चुका इथंच होतात. गाळ हजार वर्षांत एक सेंटिमीटर साठत असेल आणि घसरण ५ हजार वर्षांत झाली असेल, तर ती खडकात फक्त ५ सेंटिमीटर जाडीची असते. दर मीटरला एक नमुना घेणाऱ्याला ती दिसणारच नाही, किंवा एकाच विचित्र बिंदूच्या रूपात दिसेल आणि तो चूक म्हणून खोडला जाईल. आधी अर्ध्या-एक मीटरवर ढोबळ फेरी मारावी, मग संशयाच्या जागी ५ ते १० सेंटिमीटरवर यावं.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा: कार्बनचा आणि जीवाश्मांचा नमुना एकाच थरातून, एकाच टेपने मोजून, एकाच फेरीत घ्यावा. एका वर्षी जीवाश्म, दोन वर्षांनी दुसऱ्याने कार्बन, आणि दोघांच्या शून्य मीटरच्या खुणा वेगळ्या, असं झालं की ३० सेंटिमीटरची तफावत सहज शिरते. मेइशानच्या वितीपुढे ही तफावत केवढी मोठी आहे ते उघड आहे. प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण हवा. शेलसारखा भुसभुशीत खडक असेल तर वरचा झिजलेला भाग २०-३० सेंटिमीटर खणून आतला ताजा तुकडा घ्यावा.

कार्बनसाठी मूठभर दगड पुरतो. तो कापून गुळगुळीत करायचा आणि बारीक ड्रिलने फक्त दाट, बारीक कणांच्या भागातून भुकटी काढायची. पांढऱ्या शिरा, पारदर्शक स्फटिक आणि मोठी कवचं टाळायची, कारण शिरा खडक तयार झाल्यानंतर भरलेल्या असतात. काचेच्या कुपीत १०० ते २०० मायक्रोग्रॅम भुकटी टाकून हवा हेलियमने बाहेर काढतात आणि ७० अंश सेल्सिअसच्या आसपास संहत फॉस्फरिक आम्ल सोडतात. निघालेला कार्बन डायऑक्साइड वस्तुमानमापक यंत्रात जातो. तिथं ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे रेणू वेगळे मोजले जातात. दर थोड्या नमुन्यांमागे ज्ञात मानकाची कुपी लावलीच पाहिजे. चांगल्या मोजणीत चूक ०.१ प्रति हजारच्या आत राहते. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा खडक) आम्लात सावकाश विरघळतो, त्याला जास्त वेळ दिला नाही तर अर्धवट क्रियेचा चुकीचा आकडा मिळतो.

काळ्या शेलमध्ये चुना नसतो, तिथं सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने उरलासुरला चुना काढतात, पाणी उदासीन होईपर्यंत धुतात आणि मग कथिलाच्या पुडीत घालून जाळतात. धुण्यात हयगय झाली तर काय होतं ते पाहा. शेलमध्ये अर्धा टक्का सेंद्रिय कार्बन आहे, उणे २७ चा. चुन्यातला फक्त ०.१ टक्का कार्बन उरला, शून्याचा. यंत्र दाखवेल उणे २२.५. साडेचार प्रति हजारची नसलेली उसळी! ०.१ टक्का कार्बन म्हणजे जेमतेम ०.८ टक्के कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, इतकं थोडं पुरतं.

कोनोडोंटसाठी मात्र थरामागे २ ते ५ किलो चुनखडी लागते. तिचे तुकडे १० टक्के ॲसेटिक आम्लात ठेवून दर काही दिवसांनी आम्ल बदलतात. आम्लात त्याचंच लवण मिसळून तीव्रता सांभाळली नाही तर कोनोडोंटही खरवडले जातात आणि ओळखीच्या खुणा पुसतात. उरलेला गाळ ६३ ते १०० मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात आणि सुमारे २.८ घनतेच्या जड द्रवात सोडतात. वाळूचे क्वार्ट्झ कण तरंगतात, जड कोनोडोंट तळाशी बसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक वेचायचा. त्यांचा रंगही बघायचा: फिकट पिवळा असेल तर खडक फारसा तापलेला नाही, काळा पडलेला असेल तर बराच भाजला गेला आहे आणि त्याच्या कार्बनकडेही संशयाने पाहावं.

हा संशय कायम जागा ठेवावा लागतो. चुनखडी कधीतरी समुद्राबाहेर आली की पावसाचं पाणी मातीतला हलका कार्बन घेऊन तिच्यात मुरतं आणि नसलेली घसरण तयार होते. ओळखायचं कसं? त्याच मोजणीत ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा आकडाही मिळतो. तो उणे १० च्या खाली गेला असेल, किंवा कार्बन आणि ऑक्सिजन दोघे हातात हात घालून उतरत असतील, तर पाण्याने खडक बदलल्याची शंका घ्यावी. मँगनीज वाढलेलं आणि स्ट्रॉन्शियम घटलेलं असेल तर शंका पक्की होते. घसरण बरोबर जुन्या भूपृष्ठाच्या खुणेखाली येत असेल तर तिच्यावर सीमा आखूच नये.

शेवटचा धोका म्हणजे न साठलेला काळ. स्पितीत पर्मियनचा काळा शेल आणि ट्रायासिकची चुनखडी यांच्यामध्ये काही सेंटिमीटरचा लोहयुक्त थर आहे. तिथं कार्बनचा आलेख उतरत नाही, तुटतो, कारण मधला काळ साठलाच नाही. कच्छच्या धोसा ऊलाइट या गोल कणांच्या चुनखडीच्या थरात प्रकार वेगळा: गाळ इतका सावकाश साठला की वेगवेगळ्या काळांतले अमोनाइट एकाच थरात येऊन बसले. अशा थरात ‘पहिलं आगमन’ या शब्दांना अर्थच उरत नाही.

पुन्हा सह्याद्रीकडे

पुण्याच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरं कॅल्साइट मिळतं, आणि भीमा-मुळेच्या काठच्या काळ्या मातीत कंकराचे खडे. दोन्ही चुन्याचे, दोन्हींतला कार्बन मोजता येतो, पण सीमेसाठी दोन्ही बाद. पोकळीतलं कॅल्साइट लाव्हा थिजल्यावर झिरपलेल्या पाण्याचं आहे. कंकरातला आकडा त्या मातीवर झाडं जास्त होती की उष्ण हवामानातलं गवत, एवढंच सांगतो.

पुरावा मिळाला तो दूर, आंध्रात. सह्याद्रीतून निघालेला लाव्हा पूर्वेकडे थेट राजमहेंद्रीपर्यंत गेला असं मानलं जातं. तिथल्या खाणींत लाव्हाच्या दोन गटांमध्ये समुद्री गाळाचा थर अडकला आहे, आणि त्यात पॅलिओजीनच्या अगदी आरंभीचे फोरॅमिनिफेरा आहेत. खालचा लाव्हा रासायनिक घडणीने आंबेनळी घाटातल्या थरांशी जुळतो, वरचा महाबळेश्वरच्या थरांशी. तेव्हा महाबळेश्वरच्या पठाराचा कातळ थिजला तेव्हा क्रिटेशस संपलेला होता. हे कळलं ते साडेआठशे किलोमीटरवरच्या एका खाणीतल्या, मिलिमीटरहून लहान कवचांमुळे.